आधी प्रश्न, मग पदवी

(अलिबाग येथील महिला आरोग्य मेळाव्यात एका परिचारिकेने केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आंतरराष्ट्रीय आरोग्याचं शिक्षण घेऊन नोकरीची वाट कशी बदलावी, यावर मी बोलावं असं तुम्ही सुचवलंत. आधीच सांगते, मी परदेशी गेलेली नाही. जायचं ठरवलं होतं, प्रवेशाचं पत्रही आलं होतं. तरी गेले नाही. ते का, हेच सांगणार आहे.

मी रेवदंड्याकडची. जीएनएम केलं, नोकरी करता करता पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग केलं. बारा वर्षं वॉर्डात आणि ओपीडीत काढली. माझ्या बरोबरीच्या काहीजणी आखातात गेल्या, त्यांनी घरं बांधली, भावंडांची लग्नं लावली. त्यांचं मला कौतुकच आहे. पण माझं मन दुसऱ्याच गोष्टीनं खाल्लं.

ओपीडीत एक कोळीण यायची. लघवीला जळजळ, ताप. वर्षात तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी जरा रागावूनच म्हटलं, "मावशी, भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका." ती म्हणाली, "बाय, पानी पी म्हनतेस. पन मग जाऊ कुठं?"

पहाटे बोटी लागतात. लिलाव, मासळी निवडणं, बर्फ भरणं, दुपार होते. पुरुष आडोशाला जातात. बाईला संडास नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. माझ्या गोळ्यांमध्ये याचं उत्तर नव्हतं. मीही याच किनाऱ्यावर वाढले, आणि बारा वर्षांत एकदाही हे विचारलं नव्हतं.

ती एकटीच आजारी आहे, की सगळ्या बंदरांवरच्या बायका? किती? संडास कुणी बांधायचा, पाणी कुणी द्यायचं? हे मोजणं, विचारणं आणि सरकारला करायला लावणं म्हणजे सार्वजनिक आरोग्य. केरळात, श्रीलंकेत, घानातही बायका मासळी विकतात. तिथल्या बायकांच्या प्रश्नाशी आपला प्रश्न जोडला, की तेच आंतरराष्ट्रीय आरोग्य. ते विमानात बसल्यावरच सुरू होतं असं नाही.

याच अलिबागेत गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते, आणि आनंदीबाई इथे राहिल्या होत्या. चौदाव्या वर्षी त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी श्रीरामपूरला त्यांनी जाहीर भाषण करून आपण का जातो ते सांगितलं. या देशात बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांचं कारण होतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षं पुरी होण्याआधीच, गेल्या. आपण त्यांची पदवी लक्षात ठेवली; मला त्यांचं कारण जास्त मोलाचं वाटतं.

डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ होत्याच. तरी त्या आणि डॉ. अभय बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले, आणि परत येऊन गडचिरोलीत राहिले. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका सोसत होत्या आणि कुणी विचारत नव्हतं. त्या आकड्यांची दखल जगाला घ्यावी लागली. शिक्षण असं वापरायचं.

आणि आपल्या मांडव्याला १९७० च्या दशकात डॉ. अंतियांच्या संस्थेनं फारशा न शिकलेल्या गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. म्हणजे ज्ञान खाली पोचतं, पोचवणारं हवं.

आता माझा निर्णय. परदेशातल्या एका वर्षासाठी आईची नारळ-सुपारीची वाडी गहाण पडणार होती. आई "ठेव" म्हणाली. तिला वाटलं, मी तिथे नर्स म्हणून पगार घेईन. पण सार्वजनिक आरोग्याच्या पदवीनं कुठल्याही देशात नर्सिंगचा परवाना मिळत नाही. त्यासाठी त्या देशाची वेगळी नोंदणी लागते. हे आईला समजावताना मलाच नीट समजलं. शिवाय त्या वर्षात माझ्या बंदरावर काम करायला जेमतेम दोन-तीन महिने मिळणार होते.

मी देवनारला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत दोन वर्षं शिकायचं ठरवलं आहे. बिनपगारी रजा घेऊन, अडतिसाव्या वर्षी. मुलगी नववीत आहे, भीती वाटते. पण शनिवारी-रविवारी बंदरावर येता येईल. पुढे शिष्यवृत्ती मिळाली तर परदेशीही जाईन, तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही असेल.

ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. माझा प्रश्न कोणता? या अभ्यासात प्रत्यक्ष गावात काम किती? खर्च कुणाच्या अंगावर पडणार? शिकून झाल्यावर मला काम कोण देणार? अनुसूचित जातीच्या मुलींनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी जरूर करावी. वाडी गहाण टाकण्याआधी अर्ज टाका.

आणि तुमच्याकडे एक मागणं. आपापल्या बंदरावर जाऊन एवढंच लिहून आणा: बायका किती, संडास किती, त्यातले उघडे किती. पदवी मिळेपर्यंत दोन वर्षं जातील, मोजायला आजपासून लागू.