सर, हा अधिकार दिला कुणी?



मला "कॉम्प्युटरवर काहीतरी बोल" एवढाच आदेश आहे. पण नागरिकशास्त्राचे आपले सर समोर बसलेत, म्हणून मी त्यांच्याच विषयावर बोलते. कोणताही नियम शिकवताना सर खडू थांबवून विचारायचे, "पण हा अधिकार यांना दिला कुणी?" तेव्हा आपलं लक्ष घंटेकडे असायचं.

आपण दहावीत होतो त्या वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपल्या प्रताप नगरात तेव्हा एसटीडी बूथवर रात्रीच्या स्वस्त दरासाठी रांग लागायची.

वीस वर्षांनी, २८ डिसेंबर २०१५ ला, मार्क झुकेरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी होता, फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'वर फुकटात हवामान आणि बाजारभाव बघणारा. खरं सांगते, मला ते पटलं होतं. माझ्या मामांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. त्यांना भाव फुकट कळला तर वाईट काय?

पण मी तेव्हा एका छोट्या कंपनीत मराठी शाळांतल्या मुलांसाठी गणिताचं ॲप बनवत होते. फुकटच्या यादीत कोण, हे फेसबुकच्या अटींवर ठरणार. आम्ही यादीबाहेर राहिलो तर आमच्या ॲपला डेटाचे पैसे पडणार. मामांच्या नातीनं ते उघडलंच नसतं. सगळ्या साइटना सारखी वागणूक, यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम काढला: साइट बघून डेटाचा दर बदलायचा नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आता सरांचा प्रश्न. दर ठरवायचा अधिकार ट्रायला १९९७ च्या कायद्यानं दिलाय, म्हणून हा नियम उभा आहे. अधिकाराबाहेर गेलं की काय होतं, तेही त्याच वर्षी दिसलं. कॉल मध्येच तुटला तर ग्राहकाला १ रुपया द्यायचा, हा ट्रायचा नियम सुप्रीम कोर्टानं मे २०१६ मध्ये रद्द केला.

आणि दर सारखाच ठेवून एखादी साइट मुद्दाम हळू केली तर? ती परवान्याची बाब. परवाना केंद्र सरकारचा, ट्रायनं फक्त शिफारस करायची. ती नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली, जुलै २०१८ मध्ये मान्य झाली, मग परवान्यात अट आली. म्हणजे आपलं अर्धं संरक्षण ट्रायच्या नियमात, अर्धं परवान्याच्या अटीत. अट सरकारनं घातली, सरकार ती बदलूही शकतं. २०२३ चा दूरसंचार कायदा मी परीक्षेसारखा वाचला. नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द त्यात नाही.

अमेरिकेत असा नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं तो रद्द केला. आयोगाला हा अधिकार कायद्यानं दिलेलाच नाही, असं कोर्टाचं म्हणणं. सर तिथे असते तर त्यांनी हे आधीच विचारलं असतं!

मामांचं म्हणाल, तर सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मामा आता हवं ते उघडतात, बहुतेक कीर्तनच.

माझं मत, हे तत्त्व संसदेच्या कायद्यातच लिहिलेलं हवं. आपल्या बॅचमधल्या वकिलांना परवान्यातली अट पुरेशी वाटत असेल, तर त्यांनी जेवताना माझ्याशी खुशाल भांडावं.