जुन्या गाडीची वायपर मोटर आणि ती भरणारा कारागीर

जुन्या गाडीचे इंजिन उतरवून बांधणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो. रंगकाम करणारा मिळतो, गाद्या शिवणाराही मिळतो. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची वायपर मोटर उघडून ती पुन्हा भरवशाची करून देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत असे कारागीर आहेत. त्यांच्या दुकानावर वायपरची पाटी नसते एवढेच.

या भागात जपून ठेवलेल्या गाड्यांत प्रामुख्याने तीन जाती दिसतात. एक, कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसिडर. दुसरी, मुंबईत कुर्ल्याला बनलेली फियाट, जिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांची कंपनी. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला नाव आहे ते याच वालचंदांचे. आणि तिसरी जीप.

तिन्हींत वायपर चालवण्याची तऱ्हा वेगळी. अँबॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तिच्यात इंग्लंडच्या लुकास कंपनीची रचना आली. मोटर एका बाजूला बसते आणि पीळ दिलेली एक लवचीक तार, गॅरेजमध्ये जिला रॅक म्हणतात, ती नळीतून मागेपुढे सरकते. वाटेत व्हील-बॉक्स असतात. त्यांतली छोटी दातेरी चाके ही तार फिरवते आणि वायपरचे हात हलतात. पद्मिनीत तारेऐवजी लोखंडी पट्ट्यांचे लिंकेज आहे. फार जुन्या जीपमध्ये तर विजेची मोटरच नसते. इंजिन हवा ओढून घेते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये जो निर्वात तयार होतो, त्याच्या ओढीवर वायपर चालतो. पसरणीचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की ही ओढ कमी पडते आणि ऐन पावसात वायपर रेंगाळतो. तो बिघाड नव्हे, त्या रचनेचा स्वभावच तसा. अशा वायपरला वाइंडरची, म्हणजे मोटरीची तार नव्याने भरणाऱ्याची, गरज नाही. आतली पाती आणि सील बदलले की काम भागते.

विजेच्या मोटरीत मात्र बरेच काही दडलेले असते. मधोमध आर्मेचर, म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या खाचांत बसवलेली तांब्याची तार. तिच्या एका टोकाला तांब्याच्या फाकांचा कम्युटेटर आणि त्यावर घासत राहणारे कार्बन. बाजूने जुन्या मोटरीत फील्ड कॉइल, नंतरच्या मोटरींत फेराइटचे कायमचे चुंबक. शाफ्टच्या टोकाला वर्म असतो. तो ग्रीसने भरलेल्या पेटीतले मोठे दातेरी चाक फिरवतो आणि त्या चाकाच्या क्रँकमुळे गोल फिरण्याचे मागेपुढे सरकणे होते. याच पेटीपाशी पार्किंग स्विच असतो. चालकाने बटण बंद केले तरी वायपर काचेच्या मध्येच थांबू नये, खाली जाऊन थांबावा, हे काम त्याचे.

ही मोटर कशाने बिघडते, याचे उत्तर या दोन जिल्ह्यांत गाडी कुठे राहते यावर अवलंबून आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे तो पाचशेच्या आसपास असतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या गाडीचा वायपर आषाढ-श्रावणात तासन्‌तास चालतो. कार्बन झिजतात, कम्युटेटरवर खाच पडते, शाफ्टला आधार देणारे बुश सैल होतात, गंजलेल्या शाफ्टमधून पाणी शिरते. शेवटी आर्मेचर जळते आणि तो जळका वास गाडीत पसरतो. माण, खटाव, जत, आटपाडीच्या गाडीची गोष्ट उलटी. तिथे वायपर वर्षातून मोजक्या वेळा चालतो. पेटीतले ग्रीस सुकून मेणासारखे घट्ट होते, कार्बन आपल्या खाचेत अडकून बसतो, व्हील-बॉक्स आवळतात. मग वळिवाच्या पहिल्या सरीला बटण दाबले जाते, मोटर जागची हलत नाही आणि अडलेल्या मोटरीतून वाहणारा प्रवाह तिला मिनिटभरात तापवतो. पहिल्या प्रकारात मोटर झिजून मरते, दुसऱ्यात न वापरल्याने. कारागिराला हा फरक आधी सांगितला तर त्याचे अर्धे काम वाचते.

मोटर सोडवण्यापूर्वी दोष मोटरीचाच आहे ना, हे पाहिले पाहिजे. दुकानात येणाऱ्या किती तरी मोटरी मुळात चांगल्या असतात. रंगकामानंतर अर्थ नीट न लागणे हा जुन्या गाडीचा नेहमीचा रोग. नव्या रंगाच्या जाड थरावर मोटर कसली की वीज परतायला वाट राहत नाही. तेव्हा मोटरीच्या अंगाला बॅटरीच्या अर्थपासून वेगळी वायर जोडून बघावी. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची: रॅक किंवा लिंकेज मोटरीपासून सोडवावे आणि मोटर मोकळी चालवावी. मोकळी असताना ती नीट फिरली तर दुखणे पुढे आहे. लुकासच्या दुरुस्ती पुस्तकांत याला मापच दिलेले आहे. वायपरचे हात काढून, रॅकच्या टोकाला तराजूचा काटा अडकवून ओढले, तर ती नळीतून २.७ किलोच्या आत सरकली पाहिजे. त्याहून जास्त जोर लागत असेल, तर कितीही उत्तम भरलेली मोटर पुन्हा जळणार.

दोष मोटरीचाच ठरला की प्रश्न येतो तिला न्यायचे कुठे. कृष्णा-वारणेच्या काठाने मोटर भरणाऱ्यांची दुकाने गावोगाव आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना वसवला, पुढे शेतीपंप घरोघर गेले आणि पंपाबरोबर जळणारी मोटर आली, ती भरणारा वाइंडरही आला. गाडीमालक साहजिकच आधी त्याच्याकडे जातो, आणि इथेच चुकते. पंपाची मोटर एसीवर चालणारी. तिच्या तारा स्थिर भागात असतात, फिरणाऱ्या भागाला कम्युटेटर नसतो, कार्बन नसतात. तीन फेज डोळे मिटून भरणाऱ्या वाइंडरने वायपरचे बोटाएवढे आर्मेचर आयुष्यात हाताळलेले नसणे शक्य आहे. त्यात त्याचे काही कमी नाही. तो धंदाच निराळा.

योग्य माणूस आहे तो सेल्फ-डायनॅमोवाला. ट्रक, ट्रॅक्टर आणि जीपचे स्टार्टर, डायनॅमो, अल्टरनेटर दुरुस्त करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि त्यातही आर्मेचर स्वतःच्या दुकानात भरणारा. कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली, मिरज, सातारा या पट्ट्यात साखर कारखान्यांमुळे ऊसवाहतुकीच्या गाड्या इतक्या आहेत की हा व्यवसाय टिकून राहिला. अनेक दुकानांत आता आर्मेचर भरत नाहीत, तयार आणून बसवतात. जुन्या वायपरला तयार आर्मेचर सहसा नसतेच, त्यामुळे अशा दुकानात काम घेतले जाते, बाहेर कोणाकडे तरी पाठवले जाते आणि मधल्या मध्ये आठ-पंधरा दिवस जातात. भरणारा कोण, हे सरळ विचारून त्याच्याचकडे जावे. एसटीच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन म्हणून उमर काढून निवृत्त झालेला कोणी गावात असेल, तर असा माणूस कुठे बसतो हे त्याला बहुधा ठाऊक असते.

कारागीर जाणता आहे की नाही, हे त्याच्या टेबलावरून कळते. टेबलावर ग्राउलर आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेचा हा एक विद्युतचुंबक असतो. त्याच्यावर आर्मेचर आडवे ठेवतात, एसी प्रवाह सुरू करतात, आर्मेचर हळूहळू फिरवतात आणि वरच्या बाजूला हॅक्सॉचे पाते धरतात. तार आतल्या आत शॉर्ट असेल तर नेमक्या त्या खाचेवर पाते थरथरायला लागते आणि घर्र असा आवाज येतो. दहा सेकंदांची परीक्षा आहे, पण तिच्यावाचून आर्मेचर जळले की नुसते काळवंडले हे सांगणारा माणूस अंदाजाने बोलतो. कितीदा तरी कम्युटेटर लेथवर हलक्या हाताने साफ करून, फाकांमधला अभ्रक थोडा खाली कोरून आणि नवे कार्बन घालून मोटर सुरू होते. भरण्याची गरजच नसते. जो कारागीर हे आधी सांगतो आणि स्वस्तात सोडतो, त्याच्याकडे पुढचे मोठे काम निर्धास्त द्यावे.

भरायचेच झाले, तर जुनी तार काढताना तो काय करतो हे पाहण्यासारखे असते. चांगला कारागीर तार एकदम ओरबाडत नाही. खाचा किती, एका कॉइलने किती खाचा ओलांडल्या, फेरे किती, तारेचे गेज कोणते आणि तिची टोके कम्युटेटरच्या कोणत्या फाकेला गेली, हे सारे वहीत टिपून घेतो. फेरे कमी पडले तर मोटर जोरात पळते आणि जास्त प्रवाह खाते. गेज बारीक घेतले तर ती तापते. दोन्ही प्रकारांत दुकानात मोटर झकास चालते, मालक खूश होऊन घरी जातो, आणि तक्रार निघते ती तासभराच्या पावसानंतर. तार भरून झाल्यावर वार्निश घालून ती भट्टीत किंवा निदान दिव्याच्या उष्णतेखाली नीट सुकवावी लागते. ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणणाऱ्याने ही पायरी गाळलेली असते.

बुश हा दुसरा नाजूक भाग. मूळ मोटरीत तेल शोषून ठेवणाऱ्या सच्छिद्र ब्राँझचे बुश असतात. नवा बुश बसवण्यापूर्वी तो चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो. खरादीकडून साध्या पितळेचा बुश करून ठोकला, तर तो काही महिन्यांत आवाज करू लागतो. शाफ्टची टोकाकडची ढिलाईही बारकाईने पाहायची. लुकासच्या १४ डब्ल्यू मोटरीत ती ०.०५ ते ०.२० मिलिमीटर इतकीच असावी लागते. चुंबकाच्या मोटरीवर हातोडी चालवू नये. फेराइट ठिसूळ असतो, तडकतो.

गाडीबद्दलच्या दोन गोष्टी कारागिराला आवर्जून सांगाव्यात. बॅटरी किती व्होल्टची आणि अर्थ कोणत्या टोकाला. युद्धकाळातली विलिस जीप ६ व्होल्टवर चालत असे; १९५० च्या दशकातल्या कित्येक इंग्रजी गाड्यांत अर्थ धन टोकाला असे. फील्ड कॉइलच्या मोटरीची टोके उलटली तरी ती त्याच दिशेला फिरते, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात. चुंबकाची मोटर मात्र उलटी फिरते आणि वायपर भलत्याच जागी थांबतो. नंतरच्या काळातली चुंबकाची मोटर जुन्या गाडीत बसवणारे इथे हमखास गोंधळतात.

दातेरी चाक तुटले असेल तर वाइंडर काही करू शकत नाही. सांगली-मिरजेच्या आणि कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत लहान गिअर कापून देणारे आहेत, पण एक चाक कापून घेणे महाग पडते. त्यापेक्षा भंगारातून त्याच जातीची दुसरी मोटर मिळवून दोन्हींची एक करणे शहाणपणाचे. पद्मिनीची मोटर अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हाताला लागू शकते. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. तेव्हा हा साठा आता वाढणारा नाही.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांनी मोटर बदलण्याऐवजी भरून घेण्याला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. नुसत्या मोटरीवरून नोंदणी अडेल असे नाही, पण मूळ रूप हे अशा लहान लहान भागांनीच बनते. चालू वायपर मात्र सगळ्यांनाच लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०१ वा नियम त्याचाच आहे.

काम केव्हा द्यावे, याचाही हिशेब आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की सेल्फ-डायनॅमोवाल्याच्या दारात ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर उभे असतात, आणि हंगाम संपेपर्यंत कोणाच्या हौसेच्या गाडीकडे बघायला त्याला सवड नसते. मृगाच्या तोंडावर सगळेच वायपर घेऊन येतात. मधला चैत्र-वैशाखाचा काळ मोकळा. तेव्हा दिलेली मोटर निगुतीने होते.

मोटर परत घेताना ती दुकानातच, मोकळी, निदान अर्धा तास चालवायला लावावी. ॲमीटर जोडून प्रवाह बघावा. मोकळ्या १४ डब्ल्यू मोटरीला कमी वेगावर साधारण दीड अँपिअर आणि जास्त वेगावर दोन अँपिअर पुरतात. कमी वेगात ती मिनिटाला ४६ ते ५२ फेरे करते. अर्ध्या तासाने हात लावला तर मोटर कोमट लागावी, चटका बसता कामा नये. पाच-सहा वेळा बटण बंद करून क्रँक दर वेळी एकाच जागी थांबतो का, हे पाहिले की पार्किंग स्विचचीही खात्री होते. काढलेली जुनी तार आणि कार्बन मागून घ्यावेत. गाडीत बसवल्यावरची चाचणी काच ओली करूनच घ्यायची. कोरड्या काचेवर रबर इतके अडते की नवी मोटरही दमते. त्यानंतर जत-आटपाडीकडच्या गाडीचा वायपर दर महिन्याला काचेवर बादलीभर पाणी ओतून पाच मिनिटे चालवला, तर ग्रीस सुकण्याची वेळ येत नाही. घाटातल्या गाडीचे कार्बन दर पावसाळ्याआधी उघडून पाहावे लागतात.