थंडीतील इंजिनाचा खटखटाट : कारण आणि पारख
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून मालट्रकच्या इंजिनाविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची चूल एका जुन्या ट्रकच्या चाकांवर पेटते. कर्जाचा हप्ता, मुलांची फी, घरातील आजारपण, सारे त्या एका यंत्राच्या प्रकृतीवर अवलंबून असते. तेव्हा त्या यंत्राची भाषा थोडीबहुत समजून घेणे हे संसाराचेच काम आहे.

निफाड, लासलगाव या बाजूला पौष-माघात थंडी किती कडक पडते, हे कांदा आणि द्राक्षे वाहणाऱ्यांस सांगावयास नको. पहाटे जुने इंजिन सुरू केले की वरच्या बाजूने खट्‌-खट्‌ असा आवाज येतो. मालकाच्या काळजात धस्स होते. कोणी म्हणतो, “इंजिन गेले, उतरवा खाली.” कोणी म्हणतो, “टॅपेट आवळून टाका, आवाज बंद.” पहिल्या सल्ल्याने विनाकारण मोठा खर्च ओढवतो, आणि दुसऱ्याने चांगले इंजिन बिघडते. या दोहोंच्या मधली वाट कोणती, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

1954 साली टेल्को कारखान्याने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि आपल्या रस्त्यांवर डिझेल मालट्रकचा एक मोठा वंश उभा राहिला. त्या वंशातील जुन्या इंजिनांची रचना साधी आहे. कॅमशाफ्ट खाली असते. ती टॅपेट उचलते, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडपेला, म्हणजे व्हॉल्व्हला, दाबतो. रॉकर आणि झडपेचा दांडा यांमध्ये बारीकशी फट मुद्दाम ठेवलेली असते. पोलाद तापले की वाढते. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा शंभर अंशांनी तापला, तर सुमारे 0.12 मिलिमीटर लांब होतो. झडप तर याहून कितीतरी अधिक तापते. त्या वाढीला जागा हवी, म्हणून फट. इंजिन थंड असताना ही फट अधिक असते आणि रॉकर तीवर आपटतो. म्हणजे थंडीत थोडा खटखटाट होणे हे आरोग्याचेच लक्षण आहे.

दुसरे कारण तेलाचे. थंडीत तेल घट्ट होते. तळच्या चेंबरमधून निघालेले तेल रॉकरच्या पोकळ दांड्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. तोवर वरची मंडळी कोरडीच नाचत असतात. नुसत्या 40 नंबरच्या तेलापेक्षा 15 डब्ल्यू-40 हे तेल थंडीत लवकर चढते. त्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचेच दर्शक आहे. तथापि आपल्या गाडीस कोणते तेल चालते, हे कारखान्याच्या पुस्तकात पाहूनच ठरवावे.

आता पारख कशी करावी? प्रथम हातात पाना न घेता नुसते ऐकावे. आवाज दोन-चार मिनिटांत, इंजिन कोमट होताच, विरला तर घाबरण्याचे कारण नाही. तापल्यावरही तसाच राहिला, तर फट वाढली आहे, किंवा रॉकर झिजला आहे, किंवा पुशरॉड वाकला आहे. आणि थंड असताना नसलेला जड, खोल आवाज तापल्यावर व भाराखाली वाढू लागला, तेलाचा दाबही उतरला, तर तो झडपांचा नव्हे. बेअरिंगचा संशय घ्यावा आणि गाडी तेथेच थांबवावी.

झडपेच्या आवाजाला एक चाल असते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल, तर एक झडप मिनिटाला तीनशे वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा उघडते. लांब पेचकसाचे टोक टॅपेट-कव्हरवर ठेवून मूठ कानाशी धरावी. पंखा व पट्टा यांपासून मात्र अंगावरचे कपडे दूर ठेवावेत. आवाज कोणत्या सिलिंडरपाशी ठळक आहे, ते कळते. एक्झॉस्टच्या जोडापाशी आवाज फुसफुशीत येत असेल व काजळी दिसत असेल, तर गॅस्केट फुटले आहे. तेही तापल्यावर गप्प होते आणि पुष्कळांना फसवते. थंडीत डिझेल पेट घ्यावयास विलंब लावते, त्याचा ठोका वेगळाच. तो सर्व सिलिंडरांतून सारखा येतो व इंजिन तापताच मऊ होतो.

यानंतर कव्हर काढून इंजिन मंद चालवावे. प्रत्येक रॉकरवर तेल पाझरताना दिसले पाहिजे. एखादा कोरडा असेल, तर त्याची वाट गाळाने बुजली आहे. तेथे टॅपेट आवळून काय होणार? मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, फिलर गेजने फट मोजावी. सहा सिलिंडरांच्या या इंजिनांत स्फोटाचा क्रम 1-5-3-6-2-4 असा असतो. सहाव्याच्या दोन्ही झडपा एकदम हलू लागल्या, की पहिल्याच्या दोन्ही पूर्ण मिटलेल्या असतात. तेव्हा पहिल्याची फट मोजावी. याचप्रमाणे 5 व 2, 3 व 4 या जोड्या. फटीचा आकडा आत येणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या झडपेसाठी वेगवेगळा असू शकतो. तो पुस्तकातलाच घ्यावा, कोणाच्या तोंडचा नव्हे.

येथे माझ्या व्याख्यानाचे सार आहे. आवाज करणारी झडप त्रास देते. आवळलेली झडप घात करते. धूर बाहेर सोडणारी झडप आपली उष्णता मुख्यतः आपल्या बैठकीला टेकून टाकते. फट नाहीशी झाली की ती नीट टेकत नाही, तिची कड जळते, आणि दाब निसटतो. डिझेल तर दाबाच्या उष्णतेनेच पेटते. म्हणून थंड सकाळी इंजिन गप्प आहे, पण सुरू होता होत नाही आणि पांढरा धूर सोडते आहे, असे दिसल्यास त्या शांततेचीच चौकशी करावी. बैठक झिजत गेली की फट आपोआप कमी होते. अशा वेळी मुकेपण हाच रोग असतो.

दोन सूचना कळकळीने करतो. थंडीत चेंबरखाली जाळ पेटविण्याची चाल काही ठिकाणी आहे. डिझेल आणि तेल यांच्या संगतीत विस्तव कशाला? एका काडीने ट्रक आणि माणूस दोन्ही जातात. तसेच बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये. त्या धुरातील विषारी वायूला ना रंग, ना वास. सुरू केल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबू नये. तेल वर चढेपर्यंत मंद चालू द्यावे व मग हलक्या हाताने निघावे.

शेवटी तरुणांस एवढेच सांगेन, की प्रत्येक गाडीची एक वही ठेवा. तेल केव्हा बदलले, फट किती निघाली, किती ठेवली, आवाज थंडीत होता की तापल्यावर, हे तारखेसह लिहा. मिस्त्रीपुढे ती वही ठेवली की बोलणे अंदाजाने न होता आकड्यांनी होते, आणि प्रामाणिक कारागिरालाही त्याचा आनंदच वाटतो. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी हे काम शिकू इच्छिते, त्यांना हात काळे होतील म्हणून अडवू नका. ऐकून, मोजून, मग पाना उचलणारा कारागीर आपल्या समाजाला हवा आहे.