डास, कुत्रा आणि महिन्याची गोळी

खारघरमध्ये राहणाऱ्याला डासांची ओळख करून द्यावी लागत नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिवरांचं रान, मध्ये इमारतींसाठी खणलेले खड्डे. दिवेलागणीला आपण मलेरिया-डेंग्यूच्या धास्तीनं खिडक्या लावून घेतो. त्याच वेळी दाराबाहेर बसलेल्या कुत्र्याला डास फोडून काढत असतात. अंगावर केस आहेत, त्याला काय होतंय, असं आपण धरून चालतो. पण नाक, कान आणि पोटाची उघडी कातडी डासाला पुरते.

या चाव्यातून एक जंत कुत्र्याच्या अंगात शिरतो. त्याला हार्टवर्म म्हणतात. विदर्भात ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या माणसांचे पाय सुजवले, त्या हत्तीरोगाच्या जंताचा हा भाऊबंद. आजारी कुत्र्याच्या रक्तातली याची सूक्ष्म पिल्लं डास रक्ताबरोबर पितो. दोनेक आठवडे ती डासाच्या अंगात वाढतात आणि तो दुसऱ्या कुत्र्याला चावला की तिथे उतरतात. मग काही महिन्यांत कातडीखालून वाट काढत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतात. मादी वीतभराहून लांब, शेवयीसारखी. पाच ते सात वर्षं जगते. एवढं सगळं आत चाललेलं असताना कुत्रा शेपटी हलवत असतो.

आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी एक कुटुंब गुवाहाटीहून बदलीवर आलं. बरोबर त्यांचा लॅब्रडॉर. पहाटे मालकाबरोबर टेकडीकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेत बसून राहायचा. खोकायचा. वय झालं, असं सगळे म्हणत. पोटात पाणी दिसू लागलं तेव्हा रक्त तपासलं आणि हार्टवर्म निघाला. ईशान्य भारतात हा जंत बराच आढळतो. आपल्या मुंबईकडे त्याचा कातडीखाली राहणारा चुलतभाऊ जास्त भेटतो.

बातमी पसरली आणि सोसायटीची बैठक बसली. हा कुत्रा इथे नको, मुलाबाळांना लागण होईल, असा एकूण सूर. कुत्र्याला शिवल्यानं, त्याच्या चाटण्यानं हा जंत कुणाला होत नाही; मध्ये डास लागतोच. डासामार्फत माणसात तो क्वचितच येतो आणि माणसाच्या अंगात सहसा टिकत नाही. मी सेक्रेटरींना म्हटलं, ‘‘भाऊ, कुत्र्याला काढाल, पण गच्चीवरच्या टाकीचं झाकण कोण लावणार?’’ झाकण तीन दिवसांत लागलं. कुत्रा राहिला.

त्याचे उपचार मात्र मी जवळून पाहिले. सोमलापासून बनवलेलं औषध कंबरेच्या स्नायूत खोल टोचतात. ते मिळवायलाच त्या गृहस्थांना बरीच खटपट करावी लागली. मोठे जंत मेले तरी धोका टळत नाही, त्यांचे तुकडे फुप्फुसात अडकू शकतात. म्हणून धावणं बंद, जिना बंद, काही महिने साखळीत. त्या मुक्या जीवाला कुणी कसं समजावायचं? तो वाचला, टेकडी मात्र सुटली.

हे सगळं महिन्याला एका गोळीनं टळतं. ही गोळी म्हणजे ढाल नव्हे. गेल्या महिन्याभरात अंगात शिरलेल्या अळ्या ती मोठ्या होण्याआधी मारते. म्हणून तारीख चुकवून चालत नाही, आणि आपल्याकडे डास बारमाही असल्यानं गोळीही बारमाही. पूर्वी यासाठी डीईसी हे औषध रोज द्यावं लागे. ते 1940च्या दशकात अमेरिकेत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या संशोधकांनी तयार केलं. हत्तीरोगावर आपल्या सरकारी मोहिमांत वाटतात तेच. पुढे आयव्हरमेक्टिन आलं. त्याचा मूळ जीवाणू जपानच्या सातोशी ओमुरा यांना एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत सापडला. त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 साली नोबेल मिळालं. गोल्फचं मैदान आमच्या खारघरलाही आहे. तिथून आजवर मोरांच्या गोष्टीच तेवढ्या ऐकल्या.

पण गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या. रक्तात पिल्लं भरपूर असतील तर ती एकदम मरून कुत्र्याला जबर झटका बसू शकतो. सात महिन्यांहून लहान पिल्लाला आधीच्या तपासणीची गरज नसते. दुसरं, गोचिडांसाठी म्हणून गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिन अंदाजानं टोचणारे लोक आहेत. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांना जादा मात्रा झाली तर ते औषध मेंदूत शिरतं आणि जीव जाऊ शकतो. वजन करून, जात सांगून, डॉक्टरांना विचारूनच औषध द्यावं.

आमच्या घरात नमाजाची जागा पाक राहावी म्हणून कुत्रा आत येत नाही. शेरूचा मुक्काम तळमजल्याच्या पडवीत. बाहेर राहणाऱ्याला डास जास्त, म्हणून पडवीला जाळी मारून घेतली आणि संध्याकाळी पंखा लावतो. वाऱ्यात डासाला नीट बसता येत नाही. लहानपणी आजी तहानलेल्या कुत्र्याला विहिरीचं पाणी पाजून पुण्य कमावणाऱ्याची गोष्ट सांगायची. आजही उन्हाळ्यात आमच्या सेक्टरमध्ये अनेकजण फाटकाबाहेर पाण्याची भांडी ठेवतात. जरूर ठेवावीत. फक्त रोज ओतून, आठवड्यातून एकदा काथ्यानं आतून घासून पुन्हा भरावीत. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात.