तीन दिवस दवाखान्यात कशासाठी?

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत बोरी लागते. बोरीत काय किंवा आसपासच्या कोणत्याही गावात काय, घडू शकेल अशी एक गोष्ट आज विचारात घेऊ. समजा, एका घरातल्या आबांची छाती मधूनमधून धडधडते. मनगटावर बोटे ठेवली तर नाडी एकसारखी लागत नाही. दोन ठोके घाईने पडतात, मग अंतर पडते, मग पुन्हा तीन घाईने. शहरातल्या डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, "आबा, ठोका ताळ्यावर आणायची गोळी सुरू करू. पण त्यासाठी तीन दिवस भरती व्हावे लागेल." आबा म्हणतात, "गोळीच हाय ना साहेब? मंग बांधून द्या, घरीच घेतो. पेरणीचे दिस हायेत, तिफण कोण धरील?"

आबांचा प्रश्न रास्त आहे. दुखणे इतके जड नाही की खाटेवर पडून राहावे. मग दवाखाना कशाला? त्याचे उत्तर असे, की हे तीन दिवस दुखण्यासाठी नसून गोळीसाठी असतात. ठोका सुधारणारी ही गोळी काहींचा ठोका बिघडवूही शकते.

हे कसे होते, ते पाहू. आपल्या हृदयात विजेची बारीक लहर उठते आणि ती लहर पसरली की ठोका पडतो. पखवाजी समेवर येतो तशी ती लहर नेमाने उठावी लागते. काही जणांच्या हृदयाचे वरचे दोन कप्पे नेम सोडून नुसते थरथरू लागतात. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला क्षणभर विसावा लागतो. सोटॅलॉल, डोफेटिलाइड यांसारख्या गोळ्या तो विसावा थोडा लांबवतात. त्यामुळे भटक्या लहरींना पसरायला वाव राहत नाही आणि ठोका ताळ्यावर येतो. पण हाच विसावा फाजील लांबला, तर खालचे कप्पे भलत्याच वेगाने धावू लागतात. कागदावरचा आलेख दोरीच्या पिळासारखा दिसतो. फ्रान्समधील डॉक्टर देसर्तेन यांनी 1966 साली त्याचे वर्णन केले. अशा वेळी माणूस भोवळ येऊन पडतो, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर दगावू शकतो.

हे ज्ञान महागात मिळालेले आहे. हिवतापावरचे कोयनेल आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. 1912 साली एका डच व्यापाऱ्याने डॉक्टर वेंकेबाख यांना सांगितले, की कोयनेल घेतले म्हणजे माझी धडधड थांबते. त्यातून पुढे कोयनेलचे भावंड असलेले क्विनिडीन 1918 पासून हृदयासाठी वापरात आले. ते घेणारे काही रुग्ण एकाएकी बेशुद्ध पडत. ही बेशुद्धी औषधामुळेच येते, हे 1964 साली दाखवून देण्यात आले. पुढे 1989 साली अमेरिकेत आणखी एक धक्का बसला. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या रुग्णांचे जादा ठोके दोन औषधांनी थांबत होते, पण ती औषधे घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. आलेख सुधारला म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे नव्हे, हा धडा वैद्यकाने तेव्हा घेतला.

म्हणून 1999 साली अमेरिकेत डोफेटिलाइडला परवानगी देताना अट घातली गेली, की निदान तीन दिवस रुग्णालयात, यंत्राच्या देखरेखीखालीच ते सुरू करावे. त्याच वर्षी एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात हृदय दुबळे झालेले 1518 रुग्ण होते. त्यांपैकी निम्म्यांना हे औषध दिले, तेव्हा 25 जणांना तो पिळाचा ठोका झाला. शंभरांत साधारण तीन. बहुतेकांना तो पहिल्या तीन दिवसांतच झाला. तरीही एकूण मृत्यू दोन्ही गटांत सारखेच राहिले. कारण उघड आहे. रुग्ण नजरेखाली होते आणि मदत हाताशी होती. हेच शेतावर झाले असते तर?

त्या तीन दिवसांत करतात काय? आधी रक्तातले पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाचे काम तपासतात. डोफेटिलाइड व सोटॅलॉल मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंद असेल तर औषध अंगात साठते, म्हणून मात्रा कमी करावी लागते. मग गोळी दिल्यावर ठरावीक वेळाने ईसीजी काढून विसाव्याची लांबी मोजतात. ती मर्यादेबाहेर गेली तर मात्रा घटवतात किंवा गोळी बंद करतात.

पण श्रोतेहो, तराजूला दोन पारडी असतात. ही गोळी प्रत्येकाला हवीच असेही नाही. 2002 साली 4060 रुग्णांच्या पाहणीत दिसले, की ठोका नियमित करण्याचा अट्टाहास न धरता नुसता वेग आवरला, तरी आयुष्य कमी होत नाही. उलट 2020 सालच्या एका पाहणीत, दुखणे नवे असतानाच ठोका नियमित ठेवण्याचा फायदा दिसला. तेव्हा भरती होण्यापूर्वी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे: मला ही गोळी कशासाठी? वेग आवरणारे साधे औषध चालेल का? माझे मूत्रपिंड कसे आहे? स्त्रियांनी हेही ध्यानात घ्यावे, की हा धोका स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक असतो. सगळे ऐकून गोळी घ्यायचे ठरले, तर मात्र तीन दिवसांत काटछाट करू नये. पेरणीसाठी शेजाऱ्याचा हात मागता येतो. भरती चार दिवस पुढे ढकलता येईल का, हेही डॉक्टरांना विचारता येते. पण घरी गुपचूप गोळी सुरू करणे हा मार्ग नव्हे.

घरी आल्यावर तीन पथ्ये पाळावीत. पहिले, हगवण-उलटीत अंगातले क्षार जातात आणि धोका वाढतो. जलसंजीवनीच्या पुडीत पोटॅशियम असते, घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसते. तरीही पुडीवर विसंबून न राहता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. दुसरे, दुसरी औषधे मनाने घेऊ नयेत. उलटीवरचे डॉम्पेरिडोन, तापखोकल्यात सर्रास दिले जाणारे अझिथ्रोमायसिन, हिवतापाचे क्लोरोक्विन, लघवी वाढवणाऱ्या काही रक्तदाबाच्या गोळ्या, यांनी धोका वाढतो. तिसरे, गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, आणि चालू गोळी परस्पर बंद करू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली असेल तर तिचे काम वेगळे आहे. ठोका बरा वाटला म्हणून ती सोडू नये.

गुरुजनहो, येथे आपली फार मदत होईल. चिठ्ठीवरची इंग्रजी नावे घरच्यांना वाचता येत नाहीत. ती मराठीत, ठळक अक्षरांत एका कागदावर लिहून द्यावीत. नाव, मात्रा, वेळ आणि "हृदयाच्या ठोक्याची गोळी चालू आहे" एवढी एक ओळ. हा कागद खिशात असावा. कोणत्याही दवाखान्यात सुई टोचून घेण्यापूर्वी तो पुढे करावा.

आणि अशा रुग्णाला भोवळ आली, तो बेशुद्ध पडला, तर कांदा हुंगवत, वारा घालत बसू नये. ताबडतोब 108 ला फोन करावा आणि तो कागद सोबत द्यावा. शुद्ध परत आली तरी दवाखान्यात न्यावेच. ती भोवळ अशक्तपणाची की गोळीची, हे घरी कळत नाही, आलेखावर कळते.