हेल्थ कार्ड कुठे थांबते? : मधुमेही माणसाचा हिशेब

(टोरांटो परिसरातील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे दोन भाग आहेत : मधुमेह आणि आरोग्य विमा. पहिला डॉक्टरांनी सांगायचा आणि दुसरा विमा एजंटने, अशी आपली समजूत असते. मी या दोघांपैकी कोणीच नाही, संशोधन हा माझा व्यवसाय. पण कॅनडात राहणाऱ्या मधुमेही माणसाला हे दोन विषय वेगळे ठेवून चालत नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी रोगाविषयी. अन्नातून आलेली साखर रक्तातून पेशींत जावी यासाठी इन्शुलिन लागते. ते स्वादुपिंडात तयार होते. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि बाहेरून इन्शुलिन घेतल्यावाचून तो माणूस जगू शकत नाही. टाइप २ मध्ये इन्शुलिन असते, पण स्नायू आणि यकृत त्याला पुरेशी दाद देत नाहीत. जास्तीचे काम करून काही वर्षांनी स्वादुपिंडही थकते. आपल्या घरोघरी दिसतो तो बहुधा हा दुसरा प्रकार.

"आमच्यात कोणी जाड नाही, आम्हाला कशाला होईल?" असे आपण म्हणतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा वजनाच्या काट्यावर विसंबू नका. इथे सर्वसाधारणपणे चाळिशीपासून दर तीन वर्षांनी तपासणी सुचवतात. दक्षिण आशियाई वंश हा धोक्याचा घटक मानला जातो, म्हणून आपण ती आधीच मागून घ्यावी.

एक व्यवहारातली गोष्ट. इथला रिपोर्ट मिलिमोलमध्ये येतो आणि फोनवर आई-बाबा मिलिग्रॅममध्ये बोलतात. इथल्या आकड्याला १८ ने गुणा. उपाशीपोटी ७ म्हणजे तिकडचे १२६. तिथून मधुमेह सुरू होतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या 'ए-वन-सी' चाचणीत हीच रेषा ६.५ टक्क्यांवर आहे. लक्षणे नसतील तर निदान पक्के करायला पुन्हा तपासणी करतात.

आता विम्याकडे. १९८४ च्या 'कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट'प्रमाणे प्रांताने डॉक्टर आणि रुग्णालय यांच्या आवश्यक सेवेचा खर्च उचलायचा असतो. रुग्णालयाबाहेर घ्यायची औषधे त्यात येत नाहीत. म्हणजे डॉक्टर फुकट तपासतात, निदान फुकट होते, आणि चिठ्ठी घेऊन आपण फार्मसीत गेलो की आपले हेल्थ कार्ड थांबते.

ज्या शहरात इन्शुलिन सापडले त्या शहरात ही स्थिती आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. या औषधावर कोणाची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

आपल्यापैकी बहुतेकांची औषधे नोकरीतल्या गटविम्यातून निघतात. ओंटारिओत खाजगी विमा नसलेल्या २५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रांत औषधे देतो. मधल्या वयासाठी 'ट्रिलियम' योजना आहे. पण औषधांवर घरच्या उत्पन्नाच्या साधारण ४ टक्के खर्च झाल्यावरच तिची मदत सुरू होते. माझ्या परिचयातले एक गृहस्थ कंत्राटावर सॉफ्टवेअरचे काम करतात. विमा नव्हता, म्हणून ते रोजची गोळी दिवसाआड घेऊ लागले आणि संकोचाने बोलले नाहीत. ए-वन-सी वाढलेले पाहून डॉक्टरांना वाटले, गोळी कमी पडते आहे. त्यांनी आणखी एक, अधिक महाग गोळी लिहून दिली!

म्हणून काही सूचना. नोकरी बदलताना पगाराइतकेच बारकाईने औषधांचे कलम वाचा. नोकरी सुटली तर गटविम्याचे वैयक्तिक विम्यात रूपांतर करण्याची मुदत विचारून घ्या; ती निघून गेली की आधीचा मधुमेह आड येतो. पती-पत्नी दोघांचे विमे असतील तर दोन्ही वापरा. मधुमेहींची वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी ओंटारिओत हेल्थ कार्डावर होते, ती चुकवू नका. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. पुष्कळदा स्वस्त पर्याय असतो.

आई-वडिलांना सुपर व्हिसावर बोलावताना किमान १ लाख डॉलरचा, एक वर्षाचा विमा लागतो. त्यात 'स्थिर आजार' हे कलम असते. प्रवासाआधीच्या ठरावीक काळात गोळीचा डोस नुसता बदलला, तरी तो आजार अस्थिर धरून दावा नाकारला जाऊ शकतो. अर्जात मधुमेह लपवणे तर त्याहून महागात पडते.

हे झाले आपापल्या घरापुरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राचा 'फार्माकेअर' कायदा झाला. त्याखाली मधुमेहाची अनेक औषधे सरकारी खर्चाने देण्याचे करार मार्च २०२५ पर्यंत मॅनिटोबा, ब्रिटिश कोलंबिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि युकॉन यांनी केले. ओंटारिओ त्यांत नव्हते. चांगला विमा असलेल्या आपल्यासारख्यांना ही उणीव जाणवत नाही. टॅक्सी चालवणाऱ्याला, दुकानात अर्धवेळ काम करणाऱ्याला ती दर महिन्याला जाणवते. आपल्या प्रांतिक प्रतिनिधीला याविषयी पत्र लिहायला अर्धा तास पुरतो. मसुदा मी आणला आहे. ज्यांना पटेल त्यांनी जाताना प्रत घेऊन जावी.

आता आपले प्रश्न ऐकायला मला आवडेल.