वहीतला उपचार

लठ्ठ होण्याच्या भीतीने दिवसभर उपाशी राहायचे, रात्री आवरेनासे होऊन खात सुटायचे, मग मुद्दाम ओकायचे, हे नखरे नव्हेत, आजार आहे. ओकण्याने रक्तातले क्षार घटून हृदयाला धोका पोचतो. १९७९ साली लंडनच्या डॉ. जेराल्ड रसेल यांनी त्याला ‘बुलिमिया नर्व्होसा’ म्हटले. १९८१ साली ऑक्सफर्डच्या डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी त्यावर विचार-वर्तन उपचार मांडला. त्याचे मर्म असे, की खा-खा सुटते ती पुष्कळदा पोट मारल्यामुळेच. म्हणून रुग्णाने खाल्लेले लगेच वहीत टिपायचे आणि ठरल्या वेळी जेवायचे. मग ‘माझे वजन हीच माझी किंमत’ हा समज पारखायचा. गुरुजी, असे मूल वर्गात दिसले तर रागावू नका; घरच्यांना विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे पाठवा.